गॅसच्या भट्टीत आधी हवा, मग गॅस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांचं लोहारकीचं छप्पर दहा वर्षं बंद आहे. तुम्ही आयटीआयला फिटर केलंय आणि सुट्टीच्या दिवशी विळे, खुरपी, सुऱ्या घडवायची इच्छा आहे. चांगला कोळसा मिळत नाही आणि धुरावरून शेजारी बोलतात, म्हणून गॅसची भट्टी करायची आहे. घरात ट्रकची जुनी एअर टाकी आहे, चार-पाच अग्निविटा आहेत, स्वयंपाकाचा गॅस आहे आणि एक गंजलेला रिकामा सिलिंडर आहे. व्हिडिओत लोक सिलिंडर कापून त्यात पीओपी आणि वाळू थापतात, तसं केलं तर चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

एअर टाकी घ्या. सिलिंडर कापू नका. पीओपी आणू नका. स्वयंपाकाचा सिलिंडर स्वयंपाकघरातच राहू द्या. या चारही गोष्टींची कारणं पुढे येतील. पण खरा कळीचा मुद्दा तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, तो म्हणजे हवा. मी कोल्हापूरकडे १८ वर्षं फॅब्रिकेशन आणि घडकाम करतोय. लोकांनी घरी केलेल्या आणि नीट न तापणाऱ्या ज्या भट्ट्या माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकींना गॅस पुरेसा मिळत होता, कमी पडत होती ती हवा. आजोबा भाता ओढायचे तेव्हा ते हेच करत होते. कोळसा तोच, पण भात्याच्या लयीवर ताव, म्हणजे लोखंड किती तापतं ते, ठरायचा.

आधी सांगाडा. ट्रकच्या ब्रेकची एअर टाकी या कामाला फार चांगली. पत्रा जाड, आकार गोल, आणि आयुष्यभर तिने फक्त हवा सांभाळलेली. कापण्याआधी सगळे प्लग उघडा, आतलं तेलकट पाणी काढा, सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. बाहेरचा रंग ग्राइंडरने उतरवा, नाहीतर पहिल्या दिवशी तो जळून छपराखाली विषारी धूर कोंडेल. गॅस सिलिंडरचं तसं नाही. घरोघरी येणारा सिलिंडर कंपनीच्या मालकीचा असतो, तो कापायचा अधिकार आपल्याला नाही. आणि 'रिकामा' सिलिंडर कधीच रिकामा नसतो. तळाशी जड अवशेष राहतात, ते ग्राइंडरच्या ठिणगीची वाट बघत असतात. फ्रिजच्या गॅसच्या टाकीचीही हौस करू नका. तिच्यात उरलेला गॅस तापला की त्यातून फुप्फुसं जाळणारी आम्लं तयार होतात. भंगारात आग विझवायच्या सिलिंडरची मुदत संपलेली नळकांडी मिळतात. वॉल्व्ह उघडून दाब पूर्ण गेल्याची खात्री केली तर तीही चालतात, पण तुमच्याकडे टाकी असताना तो शोध कशाला?

टाकी २५ सेंटिमीटर व्यासाची आहे असं धरू. ३५ सेंटिमीटर लांबी ठेवा, बाकीची कापून टाका. पुढचं तोंड पूर्ण उघडं, मागे साधारण ५ बाय ५ सेंटिमीटरची खिडकी. लांब पट्टी तापवताना ती त्या खिडकीतून मागे निघेल. वापरात नसताना तिथे विटेचा तुकडा लावायचा.

आता अस्तर. याच जागी पैसे वाचवायचा मोह होतो आणि याच जागी तो महागात पडतो. पीओपी म्हणजे जिप्सम. त्यात पाणी बांधलेलं असतं. तापलं की ते पाणी निघून जातं आणि मागे भुगा उरतो. घडाईच्या तापमानाला, म्हणजे ११०० अंशांच्या आसपास, ते अस्तर दोन-चार वेळातच ढासळतं. साध्या सिमेंटचं त्याहून वाईट, कारण आत अडकलेल्या वाफेने त्याचे टवके उडतात आणि ते डोळ्यांकडे येतात. घर बांधायची लाल वीटही इथे उपयोगाची नाही. इतकंच काय, तुमच्याकडच्या जड अग्निविटांनीही भिंती करू नका. त्या वितळत नाहीत हे खरं, पण उष्णता पीत बसतात. तासभर गॅस जाळल्यावर वीट तापेल आणि मग लोखंड. त्या अग्निविटा पुढच्या तोंडाला दार म्हणून राखून ठेवा.

भिंतीला सिरॅमिक ब्लँकेटच हवं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिक धाग्यांची गादी. १२६० अंशांचा दर्जा, १२८ घनता, २५ मिलिमीटर जाडी असं सांगून मागा. दोन थर द्या, सांधे एकावर एक येऊ देऊ नका. दोन्ही बाजूंचं पाच-पाच सेंटिमीटर अस्तर, वरचा लेप आणि तळाचा थर धरला तर आत साधारण १३ सेंटिमीटर व्यासाची पोकळी उरते, म्हणजे सुमारे साडेचार लिटर. एका पाऊण इंची बर्नरला एवढी जागा नेमकी बसते. मोठी भट्टी म्हणजे चांगली भट्टी असं वाटतं, पण तुम्ही सुरी घडवणार असाल तर रिकामी जागा तापवायला गॅस का घालवायचा?

ब्लँकेट नवीन घेतलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या खूप आहेत, त्यामुळे त्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत रोलचे उरलेले तुकडे मिळतात. कोरे तुकडे जरूर घ्या. पण जुन्या भट्टीतून काढलेलं, एकदा तापलेलं ब्लँकेट फुकट मिळालं तरी घरी आणू नका. हे ब्लँकेट हजार अंशांच्या वर राहिलं की त्यातल्या धाग्यांचं रूप बदलतं आणि क्रिस्टोबलाइट नावाची स्फटिकी सिलिका तयार होते. तिची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. कोरं ब्लँकेट कापतानाही चांगला फिल्टर मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. पाणी मारून मग कापा. काम झालं की झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारे मी पाहिलेत आणि त्यांच्यावर मी ओरडलोही आहे.

धागे उडू नयेत म्हणून आतला सगळा पृष्ठभाग बंद करायचा. आधी कोलॉइडल सिलिका, म्हणजे सिलिकाचे अतिबारीक कण असलेलं पाणी, फवारायची, ती सुकली की ब्लँकेट पुठ्ठ्यासारखं कडक होतं. मग त्यावर लेप. इथेही फाउंड्री उपयोगी पडते. साच्यांना लावायची झिरकॉन पावडर तिथे असतेच. ती कोलॉइडल सिलिकात दह्याएवढी घट्ट कालवून ब्रशने दोन-तीन हात द्या. तळाला मात्र लेप पुरत नाही. सांधकाम करताना टाकणखार वितळून खाली गळतो आणि ब्लँकेट असं खातो, की जणू गरम पाण्यात साखर. म्हणून तळावर ९० टक्के अ‍ॅल्युमिनाच्या कास्टेबलचा, म्हणजे ताव सोसणाऱ्या काँक्रीटचा, दीड-दोन सेंटिमीटरचा थर हवाच.

कास्टेबलच्या बाबतीत घाई करू नका. ओतल्यावर एक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मग दोन दिवस आत १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवा, पाणी हळूहळू निघेल. त्यानंतर पाच मिनिटं ज्योत, अर्धा तास विश्रांती, असं चार-पाच वेळा. पावसाळ्यात भट्टी महिनाभर बंद राहिली असेल तर पुन्हा पेटवतानाही अशीच हळू सुरुवात करा.

आता बर्नर. हा मी थोडा सविस्तर सांगतो, कारण हवेचं सगळं गणित इथेच आहे.

बर्नरची रचना साधी आहे. पाऊण इंची नळी, सुमारे २० सेंटिमीटर लांब. तिच्या मागच्या टोकाला दीड इंचावरून पाऊण इंचावर येणारा रिड्यूसर, त्याचं मोठं तोंड हवेकडे. त्या तोंडाच्या बरोबर मध्यावर गॅसचं जेट. जेटमधून गॅस जोरात सुटतो आणि सुटताना आजूबाजूची हवा ओढून नळीत नेतो. पंखा नाही, वीज नाही. म्हणजे तुमचा भाता गॅसच्याच जोरावर चालतो. जेट जितकं बारीक आणि दाब जितका जास्त, तितकी त्या ओढीत ताकद.

जेट म्हणून मिग वेल्डिंगची टिप वापरतात, कारण तिचं भोक सरळ आणि गुळगुळीत असतं. पण टिपवर लिहिलेला आकडा तारेचा असतो, भोकाचा नाही. तार सरकायला जागा हवी म्हणून ०.८ च्या टिपचं भोक १ मिलिमीटरच्या जवळ भरतं आणि ०.६ च्या टिपचं ०.८ च्या जवळ. परदेशी व्हिडिओ बघून लोक ०.८ ची टिप लावतात आणि इथे ज्योत पिवळी, लांब, आळशी येते. त्याचं कारण गॅसमध्ये आहे. तिकडच्या रचना निव्वळ प्रोपेनसाठी आखलेल्या असतात. आपला एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेनच्या एका मापाला पुरतं जळायला हवेची सुमारे २४ मापं लागतात, ब्युटेनला ३१. ब्युटेन जड असल्याने थोडी जास्त हवा ओढतो हे खरं, पण गरज भागेल इतकी नाही. म्हणून इथे ०.६ च्या टिपने सुरुवात करा.

माझ्या पहिल्या भट्टीत मी हे सात-आठ महिने ओळखलं नव्हतं. लोखंड नारिंगीच्या पुढे जाईना, म्हणून मी गॅस वाढवत राहिलो. जितका गॅस वाढवला तितकी ज्योत दाराबाहेर येऊन जळायला लागली, आणि आत ताव होता तिथेच. शेवटी बर्नर उतरवून उजेडासमोर धरला तेव्हा दिसलं, जेट मध्यापासून दोन मिलिमीटर बाजूला होतं. गॅस नळीच्या भिंतीवर आपटत होता आणि हवा ओढतच नव्हता. ते सरळ केलं, टिप एक नंबर बारीक घेतली, आणि निम्म्या दाबात लोखंडाला पिवळा ताव आला. म्हणून जेट पक्कं जाम करण्याआधी नळीत सरळ सळई घालून मध्य तपासाच. आणि जेट पुढे-मागे सरकवता येईल असं ठेवा. त्याचं टोक नळी सुरू होते तिथून सुमारे २० मिलिमीटर मागे ठेवून सुरुवात करायची, मग ज्योत बघत दोन-दोन मिलिमीटर हलवायचं.

नळी काळी घ्या, जस्ताचा मुलामा दिलेली जीआय नको. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. नळीचं टोक भट्टीच्या आत येऊ देऊ नका. लेपातच कर्ण्यासारखं पसरत जाणारं तोंड घडवा आणि नळी त्याच्या अलीकडे थांबवा. बर्नर वरून उभा बसवू नका, बाजूने तिरका बसवा. म्हणजे ज्योत भिंतीला घासत गोल फिरेल, थेट लोखंडावर आपटणार नाही. उभ्या बर्नरचा आणखी एक तोटा आहे. काम संपवून गॅस बंद केला की भट्टीतली उष्णता त्या नळीतून धुराड्यासारखी वर चढते आणि रबरी पाइप शिजवते. तिरका असला तरी बंद केल्यावर हवेचं तोंड पत्र्याच्या झाकणाने लगेच बंद करायची सवय लावा.

ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा पंखा, लावू का, असंही आता तुमच्या मनात येईल. ब्लोअरने हवा मनासारखी देता येते आणि पुढे कधीतरी तुम्ही तो लावालही. पण पहिल्या भट्टीला नको. तुमच्या गावात वीज जाते. वीज गेली की पंखा थांबतो, गॅस मात्र चालूच राहतो आणि उलटा पंख्याच्या पेटीत शिरतो. वीज जाताच गॅस तोडणारा सोलेनॉइड वॉल्व्ह बसवल्याशिवाय ब्लोअरवाली भट्टी पेटवायची नाही, हा माझ्याकडे नियम आहे.

गॅसचा सरंजाम नवा आणि चांगला घ्या, भंगारातला नको. घरचा रेग्युलेटर जेमतेम ३० मिलिबार दाब देतो. आपल्या बर्नरला ०.३ ते १ बार लागतो, म्हणजे दहा ते तीस पट. त्यामुळे घरच्या रेग्युलेटरवर ही भट्टी चालतच नाही, आणि १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं कायद्यानेही बंद आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, दाब कमी-जास्त करता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर, त्यावर दाबाचं घड्याळ, दोन्ही टोकांना दाबून बसवलेल्या फिटिंगचा हाय प्रेशर पाइप, आणि हाताशी चटकन बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह. नळीवर क्लिप आवळून काम भागवू नका. रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या चावीनेच गॅस सोडणारे लोक आहेत. त्यांच्या शेजारी मी उभाही राहत नाही.

सिलिंडर उभाच ठेवा. आडवा केला की द्रव गॅस थेट बर्नरमध्ये जातो. तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस लागेल. द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरच्या पत्र्यातली उष्णता ओढतो, म्हणून दीड-दोन तासांनी सिलिंडरला घाम येतो, थंडीत बाहेरून बर्फही धरतो आणि दाब पडतो. तेव्हा काही जण खाली शेगडी ठेवतात. हे कधीही करू नका. घमेल्यात साधं पाणी घेऊन त्यात सिलिंडर ठेवला तरी पुरतं. आणखी एक गोष्ट लक्षात येईल. भरलेल्या सिलिंडरवर ज्योत निळी येते, संपत आलेल्यावर पिवळट. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरा खाली. त्यामुळे प्रोपेन आधी निघून जातो आणि शेवटी ब्युटेन जास्त उरतो. तेव्हा बर्नर बिघडला असं समजून जेट बदलू नका, हवेचं तोंड थोडं जास्त उघडा.

पेटवायची रीत ठरलेली ठेवा. सगळ्या सांध्यांना आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. दार उघडं ठेवा, तोंडासमोर उभं राहू नका. आत आधी पेटता बोळा ठेवायचा, मगच गॅस उघडायचा. ज्योत पेटली नाही किंवा मध्येच विझली तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो भट्टीत आणि जमिनीलगत साठतो. म्हणूनच खड्ड्याजवळ, गटाराजवळ, तळघरात ही भट्टी नको. आजोबांच्या छपराच्या दोन बाजू उघड्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते उत्तम. थंडीत तिथे ताडपत्री लावायची इच्छा होईल, ती लावू नका. दाराबाहेर जी ज्योत दिसते तिच्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखायला लागलं की हातोडा ठेवून आधी बाहेर या.

ज्योत वाचायला शिकणं हे आता तुमचं खरं शिक्षण. दाराबाहेर लांब, पिवळी, लोळणारी ज्योत म्हणजे हवा कमी. लोखंडावर जाड खपली भराभर धरतेय आणि आवाज कर्कश आहे, म्हणजे हवा जास्त, पोलादातला कार्बन जळतोय. दोन्हींच्या मध्ये, दाराशी छोटीशी निळसर झुळूक आणि एकसुरी घरघर ऐकू आली की हात थांबवा. मी किंचित गॅसच्या बाजूला ठेवतो, खपली कमी धरते. फट्‌फट् आवाज करत ज्योत नळीत मागे येत असेल तर दाब फार कमी आहे, किंवा दार इतकं बंद केलंय की आतला वायू बाहेर पडत नाही. बर्नर बरेच दिवस बंद होता आणि अचानक असं झालं तर नळीत डोकावून बघा. कुंभारीण माशीला अशी नळी घरट्यासाठी फार आवडते. पावसाळ्यानंतर मी दरवर्षी तिची माती काढतो. वापर नसताना नळीच्या तोंडात कापडाचा बोळा ठेवा आणि त्याला लाल दोरी बांधा, म्हणजे पेटवताना विसरणार नाही.

पाणी देणं म्हणजे तापलेलं पोलाद झटकन थंड करून कडक करणं. त्याचं तापमान रंगावरून ओळखायचं तर भट्टी सावलीत हवी, उन्हात लाल रंग फसवतो. गाडीच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्याची सुरी करत असाल तर चुंबक जवळ ठेवा. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्यावर थोडासाच ताव चढू द्या आणि मग तेलात. आजोबा पाण्यात बुडवायचे म्हणून तुम्हीही पाण्यात बुडवलं तर पाट्याच्या पोलादाला चीर जाण्याची भीती असते.

आता विळ्याचं. गॅसच्या भट्टीत कोळशासारखा हवा तेवढाच भाग तापवता येत नाही, आणि वाकवलेला विळा १३ सेंटिमीटरच्या पोकळीत मावतही नाही. म्हणून क्रम बदला. पात सरळ असतानाच निमुळती करा, धारेकडची बाजू उतरवा, मूठ ओढा, आणि बाक शेवटच्या तावात भट्टीबाहेर ऐरणीच्या शिंगावर द्या. पाणी देताना पुन्हा अडचण येईल. तेव्हा टाकी बाजूला सारून ब्लँकेटचे तुकडे आतून लावलेल्या विटांची चपटी चौकट रचा आणि तोच बर्नर तिच्यात सोडा. मी खुरपी आणि विळे असेच करतो. खुरपं सुरुवातीपासून टाकीतच निभावतं.

कुळवाची पास किंवा नांगराचा फाळ शेवटायला, म्हणजे झिजलेलं टोक पुन्हा ठोकून घ्यायला, कुणी आणलं तर मात्र ही भट्टी तोकडी पडेल. त्या रुंद, जड कामाला कोळशाचाच खोल निखारा लागतो. म्हणून आजोबांची चूल मोडू नका, तिच्या शेजारी दोन हात जागा सोडून गॅसची भट्टी मांडा. सिलिंडर मात्र त्या चुलीपासून लांब, छपराच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला साखळीने बांधून ठेवा.